सुईणीच्या हाती सोनोग्राफी : जगाचा अनुभव आणि खानदेशचा पेच

‘शेवटची पाळी कधी आली होती?’ गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत परिचारिका हा प्रश्न हमखास विचारते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवर त्याचे उत्तर पुष्कळदा तारखेत मिळत नाही, सणावारात मिळते. होळीच्या सुमारास, आखाजीच्या पुढेमागे, पोळ्याच्या आधी. या उत्तरावरून बाळंतपणाची तारीख काढली जाते. मग परिचारिका टेपने पोटाची उंची मोजते, हाताने मुलाचे डोके चाचपते आणि नरसाळ्यासारखे साधन पोटावर टेकवून ठोके ऐकते. अनुभवी हाताला यातून बरेच काही कळते. मात्र पोटात जुळे आहे का, वार नेमकी कोठे चिकटली आहे, दिवस खरोखर किती भरले आहेत, हे हाताला खात्रीने सांगता येत नाही. ते सोनोग्राफी यंत्र काही मिनिटांत सांगते.

जगातील अनेक देशांत हे यंत्र आता प्रसाविकेच्या हाती देण्यात आले आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील परिचारिकेला मात्र गर्भवतीच्या पोटावर ते टेकवण्याची कायद्याने परवानगी नाही. त्यामागे या प्रदेशाचाच एक दुखरा इतिहास आहे. ज्या यंत्राने आईचा जीव वाचू शकतो, त्याच यंत्राच्या साह्याने मुलींचा जन्म नाकारला गेला. या पेचाची दोन्ही टोके समजून घेतल्याखेरीज ‘सुईणीला सोनोग्राफी शिकवावी का’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘सुईण’ म्हटले की घरोघरी बाळंतपणे करणारी, परंपरेने शिकलेली दाई डोळ्यांपुढे येते. या लेखातील चर्चा तिच्याविषयी नाही. उपकेंद्रात किंवा रुग्णालयात काम करणारी, अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी झालेली प्रसाविका येथे अभिप्रेत आहे. सरकारी भाषेत तिला सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका म्हणतात, गावात ती ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ असते.

यंत्र काय दाखवते?

कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांच्या ध्वनिलहरी शरीरात सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार करायचे, हे सोनोग्राफीचे तत्त्व होय. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि प्रसूतिशास्त्रात या तंत्राचा प्रवेश झाला. क्ष-किरणांप्रमाणे यात किरणोत्सर्ग नसतो. त्यामुळे योग्य कारणासाठी व योग्य रीतीने केलेली तपासणी माता आणि गर्भ दोघांनाही सुरक्षित मानली जाते.

गर्भातील व्यंगे शोधणारी सविस्तर तपासणी हे तज्ज्ञाचे काम आहे व त्यासाठी दीर्घ शिक्षण लागते. प्राथमिक पातळीवरची तपासणी त्याहून खूपच मर्यादित असते. प्रसूतिविषयक सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने साधनांची टंचाई असलेल्या भागांसाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत घालून दिली आहे. मूल डोक्याकडून आहे, पायाळू आहे की आडवे, ही पहिली पायरी. हृदयाचे ठोके सुरू आहेत का, ही दुसरी. गर्भ एक की अधिक, ही तिसरी. वार गर्भाशयाच्या तोंडावर तर नाही ना, ही चौथी. गर्भजल पुरेसे आहे का, ही पाचवी, आणि डोके, पोट व मांडीचे हाड मोजून गर्भाचे वय ठरवणे, ही सहावी.

या सहा प्रश्नांपैकी प्रत्येकाच्या उत्तरावर पुढचा एखादा निर्णय अवलंबून असतो. वार खाली असेल तर अशा स्त्रीची बोटाने आतून तपासणी करणेही धोक्याचे, कारण त्यातून जोराचा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तिचे बाळंतपण शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवे. मूल आडवे असेल तर घरी किंवा उपकेंद्रात कळांची वाट पाहणे जिवावर बेतते. गर्भाचे वय ठाऊक असेल तरच कळा वेळेआधी सुरू झाल्या की दिवस उलटून गेले, हे ओळखता येते. गर्भाच्या वयाचा अंदाज पहिल्या तिमाहीत पाच ते सात दिवसांच्या फरकाने बांधता येतो. शेवटच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गर्भवतीची एक सोनोग्राफी २४ आठवड्यांपूर्वी व्हावी, अशी शिफारस केली.

या सहा पायऱ्यांत एक गोष्ट कोठेही येत नाही, ती म्हणजे गर्भाचे लिंग. आईच्या जिवाशी निगडित असलेल्या एकाही निर्णयासाठी ते पाहण्याची गरज नसते. खानदेशच्या संदर्भात ही बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिकायला किती काळ लागतो?

प्रसाविकेने सोनोग्राफी करणे ही केवळ गरीब देशांची तडजोड आहे, असा समज बरोबर नाही. नॉर्वेसारख्या संपन्न देशात अठराव्या आठवड्याच्या सुमारास होणारी नेहमीची तपासणी प्रामुख्याने खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रसाविकाच करतात. शंका आली तर त्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवतात.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या परिस्थितीतले आहे. थायलंड व म्यानमारच्या सीमेवरील माएला येथील निर्वासितांच्या छावणीत स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन गर्भवतींची सोनोग्राफी शिकवण्यात आली. त्यांनी घेतलेल्या मोजमापांची पारख करणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात कामाचा दर्जा चांगला असल्याचे आढळले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, त्यांच्यामागे विद्यापीठीय पदव्याही नव्हत्या.

अशा प्रशिक्षणाची घडण साधारण सारखी असते. आधी यंत्राची ओळख, ध्वनिलहरींचे तत्त्व आणि सुरक्षिततेचे नियम. मग अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष गर्भवतींची तपासणी. पोटावर जेली लावून प्रोब कसा धरायचा, किती दाब द्यायचा, पडद्यावरील करड्या सावल्यांतून डोके व पाठीचा कणा कसा ओळखायचा, हे पुस्तकातून येत नाही, हाताला वळण लागावे लागते. त्यानंतर प्रत्येकीची चित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून तपासून घेतली जातात. सर्वांत महत्त्वाचा धडा शेवटी असतो. दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असेच लिहायचे आणि वर पाठवायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही हे काम प्रशिक्षित परिचारिका व प्रसाविकांकडे सोपवता येईल, असे म्हटले आहे. मात्र सततचे प्रशिक्षण, देखरेख आणि दर्जाची तपासणी यांची अट तिने घातली आहे.

यंत्र आले म्हणून जीव वाचतो का?

उत्साहाला लगाम घालणारा एक अनुभवही येथे नोंदवला पाहिजे. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत एक मोठी चाचणी घेण्यात आली. ग्रामीण आरोग्य केंद्रांतील परिचारिका, प्रसाविका व अन्य कर्मचाऱ्यांना दोन आठवड्यांचे सखोल शिक्षण आणि त्यानंतर काही आठवडे देखरेखीखालील सराव देण्यात आला. काही भागांत सोनोग्राफी सुरू झाली, काही भागांत नेहमीचीच तपासणी चालू राहिली. कर्मचारी तंत्र शिकले, तपासण्याही नीट झाल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मात्र अपेक्षाभंग झाला. सोनोग्राफी असलेल्या भागांत तपासणीला येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले नाही, रुग्णालयातील बाळंतपणेही वाढली नाहीत आणि माता व बालकांचे मृत्यूही कमी झाले नाहीत.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. धोका दिसल्यानंतर स्त्रीला न्यायला वाहन नसेल, गेल्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नसेल, रक्त नसेल, तर पडद्यावरचे चित्र तिला वाचवू शकत नाही. सोनोग्राफी हा साखळीतील एक दुवा आहे. पुढचे दुवे तुटलेले असतील तर पहिला दुवा कितीही चकचकीत असून भागत नाही.

खानदेशचे दोन चेहरे

पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, ज्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. तापीकाठची केळीची व कापसाची काळी जमीन हा या प्रदेशाचा एक चेहरा, तर उत्तरेकडील सातपुड्याचे व साक्रीकडील डोंगरपट्टे हा दुसरा. पहिल्या चेहऱ्याला शहरे, महामार्ग व खासगी रुग्णालये आहेत. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या चेहऱ्याला पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा यांचे विखुरलेले पाडे आहेत. शिरपूर व चोपडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, पण पाड्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणेच जेथे दिवसाचे काम असते, तेथे शिरपूरहून धुळ्यापर्यंतचे आणखी पन्नासएक किलोमीटर हे अंतर नकाशावरच लहान वाटते.

आता दुसरे आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८४२ वर आली. त्याच काळात राज्याचे प्रमाण ९१३ वरून ८९४ झाले. म्हणजे राज्यात जी घसरण झाली, तिच्या दुपटीने जळगाव घसरला आणि बीडच्या खालोखाल राज्यात तळाशी गेला. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ अभियानासाठी देशातील जे पहिले शंभर जिल्हे निवडले गेले, त्यांत जळगावचे नाव होते. शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये मात्र २०११ मध्ये हेच प्रमाण ९४० च्या पुढे होते. जेथे सोनोग्राफी केंद्रे दाराशी होती तेथे मुली कमी झाल्या आणि जेथे ती दुर्मीळ होती तेथे त्या टिकल्या. याला एकट्या यंत्राला जबाबदार धरता येणार नाही. हुंडा, जमिनीची वाटणी, मुलाचा हव्यास ही मूळ कारणे आहेत. पण त्या हव्यासाला यंत्राने हात दिला, हे नाकारता येत नाही.

कायद्याची भिंत

या विषयात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. मुंबईतील महिला संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यातून १९८८ मध्ये राज्याने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहत असल्याची तक्रार घेऊन ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांनंतर अंमलबजावणीला जोर आला आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक करण्यात आला.

या कायद्यानुसार सोनोग्राफी केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येते. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुना भरावा लागतो आणि त्यातील त्रुटीही गुन्हा ठरू शकते. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि दोषी डॉक्टरची नोंदणीही काढून घेतली जाते.

तपासणी कोणी करावी, हेही कायद्याने ठरवले आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ किंवा विहित प्रशिक्षण घेतलेला आधुनिक वैद्यकाचा पदवीधर यांनाच ही परवानगी आहे. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचा, ३०० तासांचा अभ्यासक्रम आखून दिला. आदिवासी भागात प्रत्यक्षात काम करणारे अनेक डॉक्टर आयुर्वेद पदवीधर असतात. त्यांना या यादीत स्थान नाही आणि परिचारिकेला तर नाहीच. अपात्र व्यक्तीला हे काम देणारे केंद्रही गुन्हेगार ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने हातात नेता येणाऱ्या यंत्रावरही बंधन आणले. ते नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात किंवा विविध सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. केनियातील प्रसाविका पिशवीत यंत्र घालून गावात जाते. तोच प्रयोग साक्री तालुक्यात करणे म्हणजे थेट कायदेभंग होय.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

निर्बंध सैल करण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके समजण्यासारखे नाही. जळगावसारख्या जिल्ह्यात नोंदणीकृत, पदवीधर डॉक्टरांच्या हाती असलेल्या यंत्रांचाही गैरवापर रोखताना नाकी नऊ येतात. खिशात मावणारी यंत्रे शेकडो हातांत गेली, तर देखरेख कोण करणार? दुसरा आक्षेप दर्जाचा आहे. अर्धवट शिकलेल्या नजरेने ‘सर्व ठीक’ म्हटले आणि ती स्त्री निर्धास्त राहिली, तर न केलेल्या तपासणीपेक्षा ते अधिक घातक ठरेल.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा असा की, निर्बंधांची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. शहरातील स्त्रीची गर्भारपणात अनेकदा सोनोग्राफी होते. पाड्यावरील स्त्रीची एकदाही वेळेवर होईल याची शाश्वती नसते. ज्या समाजांनी मुली नाकारल्या नाहीत, त्यांच्याच स्त्रियांना या भिंतीचा सर्वाधिक त्रास होतो. शिवाय साध्या शिक्षणाच्या स्त्रिया जोखमीचे काम चोख करू शकतात, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंतचे काम त्यांनी केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळीही ‘हे डॉक्टरचे काम आहे’ हाच आक्षेप होता.

मधली वाट

तंत्रज्ञानातील एका बदलाने या वादाला नवे वळण मिळाले आहे. ठरलेल्या रेषांत प्रोब पोटावरून फिरवायचा आणि मिळालेल्या माहितीवरून संगणकाने गर्भाचे वय काढायचे, अशी पद्धत झांबिया व अमेरिकेतील स्त्रियांच्या तपासण्यांवर पारखली गेली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात तपासणी करणाऱ्याला चित्र वाचावे लागत नाही. म्हणजे पडद्यावर चित्र न दाखवता फक्त ‘आठवडे इतके, मूल डोक्याकडून’ एवढेच उत्तर देणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे. जे दिसतच नाही, ते सांगण्याचा मोहही उरत नाही. भारतातही आयआयटी मद्रास व फरीदाबादची टीएचएसटीआय ही संस्था यांनी गुरुग्रामच्या रुग्णालयातील गर्भवतींच्या माहितीवरून भारतीय गर्भाच्या वयाचे गणित मांडले असून ते २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र असे यंत्र आले तरी कायद्याच्या व्याख्येत ते सोनोग्राफी यंत्रच राहील. संसदेने स्वतंत्र तरतूद केल्याखेरीज ते परिचारिकेच्या हाती येणार नाही.

प्रसाविकेचे स्थानही बदलते आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण आखले. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसाविका व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. साध्या बाळंतपणाची संपूर्ण जबाबदारी जिच्यावर सोपवायची, तिला वार कोठे आहे हे पाहण्याचा अधिकार नसावा का, हा प्रश्न त्यामुळे आज ना उद्या विचारला जाणारच.

तोवर कायद्याच्या चौकटीत करता येण्याजोगे बरेच आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील सोनोग्राफी व ने-आण यांचा खर्च शासनाने करायचा आहे. त्या दिवशी पाड्यावरून वाहन निघाले आणि रुग्णालयात यंत्राबरोबर ते चालवणारा डॉक्टरही हजर असला, तर पुष्कळ साधेल. ग्रामीण भागातील एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन उपजिल्हा रुग्णालयांत ठेवता येईल. आशा कार्यकर्तीकडे गर्भधारणा तपासण्याचा ‘निश्चय’ संच असतो. पाळी चुकल्यावर लगेच त्याचा वापर झाला आणि नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली, तर तारखेचा घोळ बराच मिटतो.

आखाजीच्या सुमारास पाळी आलेल्या स्त्रीचे दिवस केव्हा भरतील, हे तिला सांगणे वैद्यकशास्त्राला आज अवघड नाही. तिच्यापर्यंत ते उत्तर पोहोचण्याआड अंतर उभे आहे, अपुरी माणसे उभी आहेत आणि तिने न केलेल्या अपराधासाठी उभारावी लागलेली भिंतही उभी आहे. ती भिंत पाडून टाकावी, अशी स्थिती खानदेशात अजून आलेली नाही. पण तीत एक लहान, राखणीचे दार असावे काय, याचा विचार करण्याची वेळ मात्र आली आहे.